मांडवसड्याचे लेबल

हालवीकच्या उत्तर जीवोद्यानात सह्याद्रीचे धुके रोज सकाळी साडेअकराला सुटते, रविवारी दोनदा. फलकावर चार भाषांत तशी सूचना आहे आणि खाली बारीक अक्षरांत एक विनंती : धुक्यात लहान मुलांचे हात सोडू नयेत. त्या धुक्यात तरुणपणी मी दोनदा वाट चुकले होते आणि एकदा कड्यापासून चार पावलांवर थांबले होते. ते इतके वक्तशीर झालेले पाहून मला संस्थेविषयी आदर वाटायला हवा होता. वाटला नाही.

बाहेर उणे एकोणीस अंश होते. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचे हे बंदर. दोन महिने गैरहजर राहिलेला सूर्य जानेवारीच्या मध्यावर परततो, दुपारी तासभर डोंगराच्या खांद्यावरून डोकावतो आणि जातो. अशा ठिकाणी काचेचे नऊ घुमट उभारले आहेत आणि प्रत्येकात पृथ्वीवरचा असा एकेक प्रदेश ठेवला आहे, जो मूळ जागी ठेवणे कोणालाच जमले नाही. लोक बर्फ तुडवत येतात, पाहतात, हळहळतात आणि कॉफी पिऊन परत जातात. हळहळण्याची इतकी नीटनेटकी सोय मी अन्यत्र पाहिलेली नाही.

घुमटात शिरण्यापूर्वी दोन दारांमध्ये एक लांबट खोली लागते. आतली दमट ऊब बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा गारठा आत येऊ नये म्हणून ती बांधली आहे. हिवाळाभर तिचे तापमान चार अंशांवर राखलेले असते. भिंतीवर लाकडी खुंट्या, खुंट्यांवर लोकांचे कोट, खाली बुटांच्या रांगा. तिथे हर्षल तोरस्कर माझी वाट पाहत उभा होता.

हर्षल माझा विद्यार्थी. पंधरा वर्षांपूर्वी कोल्हापुरात माझ्याकडचे पीएच.डी.चे काम टाकून तो इकडे आला, कुंड्या उचलण्याच्या नोकरीवर लागला आणि आता या उद्यानाच्या सह्याद्री विभागाचा प्रमुख होता. मधल्या काळात दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे आमच्यात एक ओळ गेली-आली नव्हती. त्याने वाकून नमस्कार केला, मी असू दे म्हटले. दोघांनाही ते पूर्वीसारखे साधले नाही.

"मॅडम, कोट इथंच काढा," तो म्हणाला. "आत कोल्हापूर आहे."

"कोल्हापुरात साडेअकराला धुकं पडत नाही."

"इथं पडतं. नाही पडलं तर लोक लेखी तक्रार करतात."

तिसऱ्या घुमटात एक अख्खा सडा होता. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे उघडे जांभ्या दगडाचे पठार. हे चिरे जहाजाने आणून, सांधे दिसू नयेत अशा बेताने जोडले होते. जानेवारी असल्यामुळे गवत वाळून पिवळे पडले होते. त्या बाबतीत संस्था प्रामाणिक होती. मध्यभागी पितळी दोरीच्या आत तीन मातीच्या कुंड्या आणि तिन्हींत कोरडी माती. समोरच्या पाटीवर माझे नाव होते.

सेरोपेजिया मांडवेन्सिस. शोध : रोहिणी बावडेकर, २०२१. ठिकाण : मांडवसडा, जिल्हा कोल्हापूर. उंची ७४० मीटर. जगात अन्यत्र आढळत नाही.

एक वृद्ध जोडपे पाटी वाचत होते. त्यांनी मातीकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि आवाज खाली आणला, जसा देवळात आणतात. मग त्या गृहस्थांनी मातीचा फोटो काढला.

या वनस्पतीचा वेल हातभर लांब, गवतात मिसळून जाणारा. फुलाशिवाय तिला कोणी ओळखणार नाही. फूल मात्र विलक्षण. खाली फुगीर, वर निमुळती नळी, टोकाला पाच पाकळ्या पुन्हा एकत्र जुळून कंदिलासारखी जाळी. आत शिरलेली चिलटे एक रात्र अडकून पडतात आणि सकाळी परागकण घेऊन सुटतात. सड्यावरचे धनगर तिला दिवटी म्हणतात. दिवटीचे सहा कंद २०२१ साली रीतसर परवानगीने या उद्यानाकडे आले. इथल्या जुन्या काचघरात ते दर ऑगस्टमध्ये फुलत. अकरा वर्षांपूर्वी हा देखणा घुमट उभा राहिला, कंद इथे आणले आणि फुलणे थांबले. मग कंद एकेक करून मऊ पडू लागले. आता तीन उरले होते आणि त्यांतला एकच धड होता.

"जुनं काचघर कसं होतं?" मी विचारले.

"गळकं. उत्तरेकडच्या तीन काचा बसतच नव्हत्या," हर्षल म्हणाला. "वारा आत यायचा. म्हातारा माळी शिव्या घालायचा." तो थांबला. "मी त्यावर बराच विचार केलाय, मॅडम."

मी कुंड्यांकडे पाहत राहिले. त्याने काय विचार केला आहे, हे विचारायचे मी टाळले.

मला इथे बोलावण्याचे कारण म्हणजे शेजारच्या प्रयोगशाळेतले एक यंत्र. त्याला ऋतुवाचक म्हणतात. यंत्रामागची कल्पना अवघड नाही. वनस्पतीला मेंदू नसतो, स्मरण मात्र असते. थंड देशांतल्या हिवाळी गव्हाला थंडीचे काही आठवडे सोसल्याशिवाय ओंबी धरता येत नाही. थंडी येऊन गेली ही नोंद त्याच्या पेशींत रासायनिक खुणांच्या रूपाने राहते आणि वसंतात ती नोंद पाहूनच तो फुलतो. ही गोष्ट शतकभर ठाऊक होती. नवे इतकेच, की गेल्या दहा वर्षांत या खुणा एकेक करून वाचता येऊ लागल्या. कंदासारख्या भागात दर वर्षी पेशींचा एक पातळ थर वाढतो आणि त्या वर्षीचा पाऊस, कोरड, दिवसाची लांबी, पहाटेचा गारवा यांच्या खुणा त्या थरात गोठून राहतात. नखाएवढी चकती कापून घेतली, की यंत्र एकेक थर उलगडत मागे जाते. ते वाचन हवामानाच्या जुन्या नोंदींशी आणि मातीतल्या धातूंच्या प्रमाणाशी ताडून पाहिले, की तो कंद कोणत्या वर्षी कुठे होता हे दोनशे मीटरच्या आत सांगता येते.

म्हणजे वनस्पतीची साक्ष काढता येते. साक्षीदाराला खोटे बोलण्याची कला अवगत नसल्यामुळे जगभरच्या संग्रहालयांत सध्या बरीच धावपळ चालू आहे.

उद्यानाच्या संचालक सोल्वेग हाउगेन यांनी मला त्यांच्या खोलीत सर्व काही अतिशय सौजन्याने समजावून सांगितले. मूळस्थान करारानुसार परदेशी वनस्पती तिच्या नोंदलेल्या ठिकाणच्या हवामानातच ठेवावी लागते. लेबलावर जे लिहिले असेल ते घुमटाला पाळावे लागते. मांडवसड्यावर हिवाळ्यात किमान तापमान तेरा अंश असते, म्हणून घुमटातही तेरा. पाहुण्यांच्या सोयीसाठी धुक्याची वेळ पुढे ढकलता येते, कारण करार फक्त मासिक सरासरी मोजतो. वनस्पतीच्या सोयीसाठी तापमान हलवता येत नाही. चकती कापायला मूळ संग्राहकाची, म्हणजे माझी, लेखी संमती हवी. शिवाय धड कंद एकच असल्यामुळे त्यात धोका होता. वाचन लेबलाशी जुळले तर दोष अन्यत्र शोधायचा. जुळले नाही तर दुरुस्त ठिकाण त्याच दिवशी जगातल्या सर्व नोंदवह्यांत आपोआप जाहीर होईल.

शेवटचे वाक्य त्यांनी हसत उच्चारले. ती केवळ औपचारिकता असल्याचे त्या म्हणाल्या, कारण लेबल माझे होते आणि माझ्या लेबलांवर दोन पिढ्या शिकल्या होत्या.

मी अर्ज हातात घेतला आणि विचार करायला अर्धा दिवस मागून बाहेर पडले. बसवेना. पहिल्या घुमटापासून नवव्यापर्यंत गेले आणि परत तिसऱ्यात आले. आफ्रिकेच्या टोकाची झुडपे, अँडीजच्या माथ्यावरची गवते, बुडालेल्या बेटांवरचे नेचे, प्रत्येकापुढे एक पाटी, पाटीवर एक ठिकाण आणि ते ठिकाण कोणीतरी लिहिलेले. त्या लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना आमच्या नाईकवडी सरांसारखे गुरू लाभले असतील, याचा मी हिशेब करत होते.

नाईकवडी सर आमच्या काळातले सह्याद्रीचे सर्वांत मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा एक नेम होता आणि तो आम्हा प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडी दिला जाई. दुर्मीळ वनस्पतीचे खरे ठिकाण लेबलावर कधीही लिहायचे नाही. कंद उपटून विकणारे लोक शोधनिबंध वाचतात, तेव्हा एक दरी ओलांडून लिहायचे : शेजारचा डोंगर, शेजारचा सडा. खरे ठिकाण कागदावर कुठेच ठेवायचे नाही, डोक्यात ठेवायचे. आम्ही याला प्रेम समजत होतो. आजही मी त्याला दुसरे नाव देऊ शकत नाही. प्रेमाविषयीचे माझे मत मात्र बदलले आहे.

दिवटी मांडवसड्यावर नव्हती. ती तिथून दोन दऱ्या पलीकडे, गवळदेवाच्या सड्यावर होती. एक हजार वीस मीटर उंची, तिन्ही बाजूंनी उघडा कडा, जानेवारीत पहाटे चार अंश. ती मला दाखवली बाबू झोरे या धनगराने. त्याची मेंढरे त्या सड्यावर चरत. त्यानेच सांगितले, की ज्या वर्षी हिवाळ्यात गारठा पडत नाही त्या वर्षी दिवटी पेटत नाही. हे इतके मोलाचे निरीक्षण मी निबंधातून वगळले, कारण मांडवसड्यावर तसा गारठा पडत नाही आणि कोणा हुशार वाचकाला शंका आली असती. बाबूने बदल्यात एकच गोष्ट मागितली : आमच्या सड्याचे नाव पुस्तकात लिहा. मी हो म्हटले आणि एक दरी पुरेशी वाटली नाही म्हणून दोन दऱ्या ओलांडून लिहिले. जातीच्या लॅटिन नावातसुद्धा मांडव घातला. नामकरणाचे नियम कडक आहेत. नाव दिशाभूल करते एवढ्या कारणावरून ते बदलता येत नाही. माझे खोटे त्या भाषेत चिरंजीव झाले आहे.

दहा वर्षांनी गवळदेवाच्या सड्यावर बॉक्साइटची खाण मागितली गेली. जनसुनावणीत बाबू उभा राहिला आणि म्हणाला, की इथे दिवटी आहे. अधिकाऱ्याने माझा निबंध उघडून त्याला दाखवला : दिवटी मांडवसड्यावर आहे, शास्त्रज्ञ बाईंनी लिहिले आहे. त्या दिवशी मी कोल्हापुरात द्वितीय वर्षाचे पेपर तपासत होते. मला सुनावणीचे पत्र आले होते. एक लेबल खोटे ठरले असते तर उरलेल्या दोनशे चौदांचे काय, असा विचार मी केला, आणि पुढच्या पेपरला सात गुण दिले. सडा दीड वर्षात खरवडून नेला. झोरे मंडळी मेंढरांसह मांडवसड्याच्या पायथ्याला आली. तो सडा माझ्या लेबलामुळे संरक्षित झाला होता. आता मांडवसड्यावरही खाणीचा अर्ज होता आणि फेब्रुवारीत सुनावणी. दिवटीचे एकमेव स्थान, हा त्याच्या संरक्षणाचा एकमेव आधार.

तर निवड अशी होती. खरे बोलले तर दिवटीला थंडी मिळेल आणि मांडवसडा जाईल. गप्प बसले तर सडा राहील आणि त्या कुंड्यांत या हिवाळ्यानंतर मातीच उरेल.

साडेअकराला भोंगा वाजला आणि धुके सुटले. छताच्या नळ्यांतून ते शिस्तीत उतरले आणि पाहता पाहता पाट्या, दोरी, माणसे गेली. कुठेतरी एक मूल हसले. हर्षल माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. मला त्याचे फक्त बूट दिसत होते. तोंड दिसत नसलेल्या माणसाशी बोलणे सोपे जाते. मी त्याला सगळे सांगितले, जसे वर लिहिले तसे, पेपरांच्या गुणांसकट.

त्याचे बूट एक पाऊल मागे सरकले.

"तीन पावसाळे, मॅडम," तो म्हणाला.

मी तेही सांगायला हवे होते. हर्षलच्या पीएच.डी.चा विषय मीच दिला होता : मांडवसड्यावरील दिवटीची सद्यःस्थिती. २०३४ ते २०३६, तीन पावसाळे त्याने तो सडा हातापायांवर रांगत पालथा घातला. ती तिथे नाही हे मला ठाऊक होते. विषय नाकारला असता तर कारण द्यावे लागले असते.

"तुम्ही मला रोज संध्याकाळी फोनवर विचारायचात, आज काही दिसलं का."

"हो."

"कशाला विचारायचात?"

विद्वत्तेची एक अडचण अशी, की आपल्या नीचपणाची कारणे माणसाला तळटीपांसह सुचतात. त्यांतली एकही मी उच्चारली नाही.

धुके विरू लागल्यावर मी त्याला विचारले, की झोरेंच्या घरी फोन लावता येईल का. बाबू बारा वर्षांपूर्वी गेला होता, पण हर्षल ते तिन्ही पावसाळे त्यांच्याच घरी राहिला होता आणि बाबूच्या लेकीशी, बायजाशी, त्याचा संबंध टिकून होता. सही करण्यापूर्वी मला तिला विचारायचे होते. सड्याखाली ती राहत होती, मी नाही. आम्ही कोटांच्या खोलीत गेलो. तिथे बसायला बाक होते आणि बोलताना कोणी ऐकणारे नव्हते. तिकडे दुपारचे चार वाजून गेले होते. बायजा मेंढरे आणायला निघाली होती. मागे कुत्रे भुंकत होते.

हर्षलला तिने आधी सुनावले, की दोन महिने फोन नाही, तिकडच्या बायकोने बांधून घातलंय काय. मग मी बोलले. मी कोण ते सांगितल्यावर तिचा आवाज बदलला नाही, फक्त ती चालायची थांबली असावी, कारण धाप ऐकू येईनाशी झाली. मी थोडक्यात सांगितले. खोटे कुठे लिहिले, खरे लिहिले तर काय होईल, सड्याचे काय होईल, त्यांच्या घराचे काय होईल. आणि म्हटले, की तू सांगशील तसे करीन.

"खोटं लिवताना इचारलं न्हाईसा," ती म्हणाली. "आता खरं लिवताना कशाला इचारताय?"

मी हातातला अर्ज बाकावर ठेवला.

"मला ठावं हाय की ते," ती पुढे म्हणाली. "दहावीत हुतो मी. तुमचा कागद मीच वाचून दावला बाबाला. मांडवसडा म्हणून वाचलं, तर म्हातारा म्हणतोय, पोरी नीट वाच. तीनदा वाचलं. मग म्हणला, बाई चुकली असंल, शिकल्याली मानसंबी चुकत्यात."

"मी चुकले नव्हते, बायजा."

"ते त्यालाबी नंतर कळलं. सुनावनीत. तरीबी तुमचीच बाजू धरायचा. बुलडोझर आलं तवा आदल्या दिशी गेला, घोंगड्यात दिवटीचं कांदं बांधून आनलं डोसक्यावर. एकोणीस. मांडवसड्यावर देवळामागं लावलं. मी म्हनलं, बाबा, ह्यो काय येडेपना? तर म्हनला, बाईनं हितं हाय म्हणून लिवलंय, तर असू दे हितं. बाईमानसाचं खोटं पडाय नगं."

खोलीत चार अंश होते. मी कोट न घालताच बाकावरून उठले. मी विचारले, की त्यांतले काही जगले का.

"येल येतोय दर साली. फूल न्हाई. म्हातारा म्हणायचा, गारठा न्हाई हितं, नुसतीच बसून हाय बिचारी, आमच्यावानी. औंदा चार आलं हुतं. हर्षलला दावलं की बाबानं, त्यो आला हुता तवा. इचारा त्यास्नी."

मी हर्षलकडे पाहिले. तो खुंटीवरच्या कुणाच्यातरी कोटाकडे पाहत होता.

"पान ऐंशी," तो म्हणाला. "तळटीप. स्थानिक मेंढपाळ बाबू झोरे यांच्या मते देवळामागील फुलरहित वेल हीच दिवटी होय. तुम्ही लाल शाईनं लिहिलंत : ऐकीव. फुलाशिवाय ओळख ग्राह्य नाही. वगळा."

मला ते आठवत होते. खोडताना मला तिळमात्र शंका नव्हती. दिवटी मांडवसड्यावर नाही, हे साऱ्या जगात मला एकटीला खात्रीने ठाऊक होते आणि त्या खात्रीच्या जोरावर मी एका खऱ्या वाक्यावर रेघ मारली होती. ते वाक्य राहिले असते तर हर्षलचा प्रबंध राहिला असता; त्याने वेलाला गारठा देऊन पाहिला असता आणि फूल आले असते. त्या पोराने पंधरा वर्षे परक्या बर्फात काढली नसती. नाईकवडी सरांना मी यात दोष देऊ शकत नाही. त्यांनी फक्त खोटे लिहायला शिकवले होते. खरे खोडायला मी स्वतःहून शिकले.

बायजा अजून फोनवर होती. ती म्हणाली, मेंढरं पांगली. मग म्हणाली, "काय लिवायचं ते लिवा. पर एकदा माझ्या बाबाचं नाव लिवा. नावच तेवढं मागितलं हुतं त्यानं, सड्याचं न्हाई तर त्याचं तरी." आणि हर्षलला उद्देशून, "तकडं लई गारठा म्हणं. मग तिला कशाला उबंत ठेवलीया?" आणि फोन बंद झाला.

बाहेर डोंगराच्या खांद्यावर सूर्य आला होता आणि काचेवरचे बर्फ तांबूस झाले होते. मी बाकावरच अर्ज भरला. चकती कापायला संमती दिली. शेरा लिहायच्या जागेत लिहिले, की मूळ लेबल संग्राहकाने जाणूनबुजून खोटे लिहिले आहे; मांडवसड्यावर देवळामागे चार वेल आहेत, ते लावलेले आहेत, त्यांच्याही कंदांची चकती घ्यावी. त्या कंदांत आतले थर गवळदेवाचे निघतील आणि बाहेरचे वीस मांडवसड्याचे. लावलेल्या, फुले न येणाऱ्या चार वेलांसाठी कायदा एक डोंगर राखतो का, मला माहीत नाही. फेब्रुवारीच्या सुनावणीला मी जाईन आणि विरुद्ध बाजूचा वकील माझी उरलेली दोनशे चौदा लेबले एकेक करून माझ्यापुढे ठेवील. त्यांतली एकतीस खोटी आहेत. मी त्याला क्रमांक सांगेन.

सोल्वेगबाईंनी अर्ज दोनदा वाचला. मग त्याच सौजन्याने म्हणाल्या, की अस्तित्वात नसलेल्या ठिकाणाचे हवामान घुमटाला लगेच देता येणार नाही. वाचन, पडताळणी, समितीची मान्यता, सगळे धरून सहा आठवडे लागतील. सहा आठवड्यांनी मार्च उजाडला असता आणि हिवाळा संपला असता. हे मी त्यांना सांगितले. त्यांना फार वाईट वाटले.

मी कोट घ्यायला परतले तेव्हा हर्षल कोटांच्या खोलीत गुडघे टेकून बसला होता. तिन्ही कुंड्या त्याने आणल्या होत्या आणि बुटांच्या रांगेमागे, दाराच्या फटीतून वारा येतो तिथे, भिंतीला लावून ठेवल्या होत्या. नोकरीचे काय, असे मी विचारले.

"ही खोली कुठल्याच घुमटात येत नाही, मॅडम. नकाशात हिचं हवामान लिहिलेलं नाही." त्याने एक बूट सरकवून कुंडी आत ढकलली. "आणि गेली तर गेली नोकरी. कुंड्या उचलायला मला येतात."

त्याने मला माफ केले, असे मी मानत नाही. तो कुंडीशी बोलत असावा तसे बोलत होता.

मी पिशवीतून एक कोरे कार्ड काढले. आयुष्यभर मी ती कार्डे बाळगली आहेत. बाकावर ठेवून, बोटे आखडत होती तरी सुवाच्य लिहिले :

दिवटी. शास्त्रीय नाव दिशाभूल करते. नियमानुसार बदलता येत नाही.
मूळ ठिकाण : गवळदेवाचा सडा. उंची १०२० मीटर. जानेवारीत पहाटे चार अंश. आता अस्तित्वात नाही.
दुसरे ठिकाण : मांडवसडा, देवळामागे.
प्रथम दाखवणारा आणि पुन्हा लावणारा : बाबू झोरे.
मांडवसड्यावर नोंद करणारा : हर्षल तोरस्कर, २०३५.
यापूर्वीचे लेबल खोटे. ते रोहिणी बावडेकर हिने लिहिले.

हर्षलने कार्ड हातात घेऊन शेवटपर्यंत वाचले. मग दोरा ओवण्यापूर्वी ते माझ्याकडे परत धरले.

"पस्तीस नाही, मॅडम. चौतीस. पहिल्याच पावसाळ्यात दाखवला होता त्यानं."

मी पाच खोडून चार केला आणि खोडलेल्या जागेशेजारी, नियमाप्रमाणे, सही केली.